कारवानी कुत्रा आणि शुद्ध रक्ताचा मोह



मराठवाड्याच्या आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकाच्या माळरानावर एक कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात आला आहे. निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, उंच सडपातळ पाय आणि विलक्षण वेग ही त्याची लक्षणे होत. खेड्यापाड्यांतून त्यास कारवानी म्हणतात; ज्याच्या कानांवर व शेपटीवर मऊ केसांची झालर असते, त्यास पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वीच्या मुधोळ संस्थानावरून याच कुत्र्याला ‘मुधोळ हाउंड’ हे तिसरे नाव मिळाले. या कुत्र्याचा इतिहास आज आपणांपुढे थोडक्यात मांडावयाचा आहे. तो मांडण्याचे कारण केवळ कौतुकाचे नव्हे. एखाद्या प्राण्याचे रक्त शुद्ध राखण्याच्या हट्टाने त्याचा वाण टिकतो की खंगतो, हा प्रश्न त्या इतिहासात दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर आज आपल्या शहरांतील कुत्री पाळणाऱ्या प्रत्येक घराशी निगडित आहे.

प्रथम नावाचाच विचार करू. कारवान हा फारसी शब्द. त्याचा अर्थ व्यापाऱ्यांचा तांडा. पश्म म्हणजे लोकर किंवा मऊ केस. पश्मिना हा आपल्या ओळखीचा शब्द त्याच कुळातील. नावे फारसी आणि शरीराची ठेवण अरबस्तानातील सलुकी व अफगाणिस्तानातील ताझी या शिकारी कुत्र्यांसारखी. यावरून हा कुत्रा पश्चिम व मध्य आशियातून घोड्यांचे सौदागर, शिपाई आणि तांडे यांच्याबरोबर दक्षिणेत उतरला, असे सामान्यतः मानले जाते. बहामनी काळापासून दख्खनच्या सुलतानांना परदेशी घोड्यांची मोठी गरज असे, आणि ते घोडे चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरून घाटमाथ्यावर येत. आपले शहर तर तांड्यांच्या वाटेवरच वसलेले. १६१० मध्ये मलिक अंबराने खडकी वसविली. पुढे तिचेच औरंगाबाद झाले आणि आज तिला आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणारा व्यापारी मार्ग येथूनच जाई. ताव्हेर्निये आणि थेवेनो हे फ्रेंच प्रवासी सतराव्या शतकात याच मार्गाने गेले.

यावरून एक गोष्ट ओघानेच प्राप्त होते. ज्या कुत्र्याचे आयुष्य तांड्याबरोबर गेले, त्याचा वंश एका अंगणात कोंडलेला असणे शक्य नव्हते. आज या सराईत मुक्काम, तर महिन्याने पन्नास कोसांवरच्या दुसऱ्या गावी. येथील कुत्री, तेथील कुत्रा, असा संबंध सहज घडे. वाण एकच राही, पण त्यात दूरदूरचे रक्त सतत येऊन मिळे. वाहत्या ओढ्याला जसे ठिकठिकाणी झरे मिळावेत, तसा हा प्रकार होता.

दुसरी गोष्ट कामाची. माळावर सशामागे धावणे आणि रात्री वस्ती राखणे, हे कारवानीचे काम. ज्याला धाप लागे, ज्याची नजर मंद असे किंवा ज्याची हाडे कच्ची असत, त्याच्यापासून पिल्ले घेण्यास कोणी उत्सुक नसे. ही निवड कठोर होती. कित्येक पिल्ले रोगाने व उपासमारीने मरत, आणि तिचे गुणगान करण्याचे कारण नाही. तथापि ती निवड रंगाची नव्हती, अंगच्या कर्तबगारीची होती, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुधोळच्या गादीवर श्रीमंत मालोजीराव घोरपडे होते. आपल्या मुलखातील बेरड लोक शिकारीसाठी हीच कुत्री बाळगतात, हे त्यांच्या नजरेस आले. त्यांनी निवडक कुत्री जमा करून त्यांची पैदास काळजीपूर्वक चालविली, आणि विलायतेस गेले असता पंचम जॉर्ज बादशहांना या जातीची जोडी नजर केली, असे सांगितले जाते. संस्थानिकाच्या आश्रयाने एका ओसरत्या वाणाला नाव मिळाले, मान मिळाला. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु ध्यानात घ्या, की हा नवा वंश उभा करण्यासाठी लागलेले रक्त राजवाड्यातील नव्हते. ते बेरडांच्या झोपड्यांतून, रानावनांतून आलेले होते.

आता काही काळ आपण इंग्लंडात जाऊ. कारण ‘शुद्ध जात’ या कल्पनेचे आजचे रूप तेथेच घडले. अठराव्या शतकात लीस्टरशायरमध्ये रॉबर्ट बेकवेल नावाचा एक हुशार शेतकरी होऊन गेला. त्याचा जन्म १७२५ चा आणि मृत्यू १७९५ चा. उत्तम मेंढा दिसला, की त्याचा संबंध त्याच्याच मुलीशी वा बहिणीशी घडवावयाचा, आणि हवे ते गुण काही पिढ्यांत पक्के करावयाचे, ही त्याची रीत. ती रीत यशस्वी झाली, आणि तिचे अनुकरण सर्वत्र झाले. १८१० मध्ये चार्ल्स कॉलिंग या पशुपालकाचा ‘कॉमेट’ नावाचा वळू एक हजार गिनींना विकला गेला, तेव्हा सारे इंग्लंड थक्क झाले. या वळूची वंशावळ पाहा. त्याचा बाप ‘फेव्हरिट’. त्याची आई ही त्याच फेव्हरिटची मुलगी. आणि त्या मुलीची आई ही फेव्हरिटचीही आई! नाते कोणते सांगावे, हेच कळेनासे होते.

गुरामेंढरांची ही रीत पुढे कुत्र्यांत आली. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि लगेच पुढल्या वर्षी त्याची वंशावळीची वही छापून निघाली. वही ठेवणे हे चांगलेच काम. पण हळूहळू तिचे दार बंद झाले. ज्याचे आईबाप वहीत, तोच वहीत. बाहेरचा कितीही गुणी असला तरी त्याला प्रवेश नाही. आणि आतल्यांची निवड कशावरून? तर कानाची ठेवण, अंगावरचे ठिपके, तोंडाचा आकार यांवरून. माळरान गेले आणि त्याच्या जागी प्रदर्शनाचा मंडप आला.

जवळच्या नात्यातील पैदाशीने बिघडते तरी काय? याचे उत्तर समजण्यास फार मोठे शास्त्र लागत नाही. प्रत्येक जनुकाच्या, म्हणजे आनुवंशिक गुणाच्या बीजाच्या, बहुधा दोन प्रती प्राण्याजवळ असतात. एक आईकडून, एक बापाकडून. एखादी प्रत सदोष असली, तरी पुष्कळदा दुसरी चांगली प्रत काम भागविते, आणि दोष झाकलेला राहतो. असे झाकलेले दोष थोडेबहुत प्रत्येक प्राण्यात असतात, तुमच्याआमच्यातही आहेत. परक्या घरच्या जोडीदाराजवळ नेमका तोच दोष असण्याचा संभव कमी. पण बहीणभावांना दोष एकाच आईबापाकडून आलेला असतो. दोघांजवळही तो असला, म्हणजे त्यांच्या प्रत्येक पिल्लात सदोष प्रतींची जोडी जमण्याचा संभव चारांत एक इतका होतो. जवळच्या नात्याने नवा दोष निर्माण होतो असे नव्हे. जुना झाकलेला दोष उघडा पडतो.

डार्विनने या विषयाचा दीर्घकाळ ध्यास घेतला होता. १८७६ मध्ये त्याने वनस्पतींवरील आपले प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. स्वतःच्याच परागाने फळलेल्या झाडांपेक्षा परक्या परागाने फळलेल्यांची संतती बहुधा अधिक जोमदार निघते, असे त्यांत दिसून आले. त्याच्या चिंतेस घरगुती कारणही होते. त्याची पत्नी एमा ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी होती. पुढे १९२२ मध्ये स्यूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने जवळीक मोजण्याचे गणित सिद्ध केले. सख्ख्या बहीणभावांच्या किंवा बाप-लेकीच्या संततीत ही संख्या एक चतुर्थांश येते. सावत्र बहीणभावांच्या संततीत एक अष्टमांश. आणि मामेबहीण-आतेभाऊ यांच्या संततीत एक षोडशांश. अमेरिकेच्या शेतकी खात्याने १९०६ पासून गिनिपिगांच्या अनेक कुळांत पिढ्यान्‌पिढ्या बहीणभावांचेच संबंध घडविले होते. राइटने त्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकंदरीत पिल्लांची संख्या, वजन आणि जगण्याची शक्ती ही सारी उतरलेली आढळली.

आपल्या समाजात सगोत्र आणि सपिंड विवाह निषिद्ध मानण्याची चाल फार जुनी आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सपिंडतेची मर्यादा बापाकडून पाच व आईकडून तीन पिढ्या अशी घातली. मात्र जेथे रूढी आहे तेथे तिला मोकळीक दिली, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी आपल्याकडे अनेक ज्ञातींत आहेच. ज्या घरात मुलीचे स्थळ पाहताना पाच पिढ्या मोजल्या जातात, त्याच घरात पिल्लू विकत घेताना त्याच्या आईबापांचे नाते काय, हे कोणी विचारीत नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

नाते केवळ एका जोडीपुरते पाहूनही भागत नाही. सबंध जातीचे गणित निराळे असते, आणि तेही राइटनेच मांडले. समजा, एका जातीत शंभर माद्या आहेत, पण सर्वांना एकच नावाजलेला नर लावला जातो. नरांची व माद्यांची संख्या परस्परांशी गुणावी, त्यास चाराने गुणावे आणि एकूण संख्येने भागावे. चारशे भागिले एकशे एक. उत्तर जवळजवळ चार! म्हणजे डोळ्यांना एकशे एक प्राणी दिसतात, पण वंशाच्या हिशेबाने तेथे चारच उभे आहेत. एकाऐवजी दहा नर वापरले, तर हीच संख्या छत्तिसांवर जाते. प्रदर्शनात पहिला आलेला कुत्रा सर्वांना हवा असतो. पण सर्वांनी तोच घेतला, की पुढल्या पिढीत सारी पिल्ले एकमेकांची सावत्र भावंडे होतात, आणि मग मालकाची इच्छा असूनही परका जोडीदार मिळत नाही.

एका जातीत दोष कसा सर्वत्र पसरतो, याचे बोलके उदाहरण म्हणजे डाल्मेशियन, अंगावर काळे ठिपके असलेला तो देखणा कुत्रा. इतर कुत्र्यांच्या शरीरात यूरिक आम्लाचे दुसऱ्या, सहज विरघळणाऱ्या द्रव्यात रूपांतर होते. डाल्मेशियनमध्ये ते नीट होत नाही, आणि मूत्राशयात खडे होतात. नरांना याचा त्रास विशेष. हा दोष वहीतील सर्वच्या सर्व डाल्मेशियन कुत्र्यांत पसरलेला होता. म्हणजे वहीच्या आत राहून कितीही चतुराईने जोड्या लावल्या तरी सुटकेचा मार्ग नव्हता. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शायबल या शास्त्रज्ञाने एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला आणि पुढची प्रत्येक पिढी पुन्हा डाल्मेशियनशीच जोडली. पाचव्या पिढीत परके रक्त बत्तिसांत एक भाग उरले. ठिपके तसेच, डौल तसाच, पण निरोगी जनुक मात्र टिकून राहिले. १९८१ मध्ये अशा दोन कुत्र्यांची तेथील वहीत नोंद झाली. परंतु शुद्धतेच्या अभिमान्यांनी विरोध करून पुढील नोंदी थांबविल्या. त्या वंशाला वहीचे दार पुन्हा उघडावयास २०११ साल उजाडले. एक बत्तिसांश परक्या रक्ताची भीती वाटून तीस वर्षे मुतखडा पत्करला गेला!

इंग्लंडातही जागृती उशिराच झाली. २००८ मध्ये तेथील दूरचित्रवाणीवर खानदानी कुत्र्यांच्या व्याधींवर एक माहितीपट दाखविला गेला आणि मोठी खळबळ उडाली. त्यानंतर २००९ पासून केनेल क्लबाने आई-मुलगा, बाप-लेक आणि सख्खी भावंडे यांच्या पिल्लांची नोंद करण्याचे बंद केले. क्लबाच्या स्थापनेपासून मोजले तर एकशे छत्तीस वर्षे लोटली होती. शास्त्रज्ञांना मात्र या एकसारखेपणाचा एकदा लाभ झाला. २००५ मध्ये कुत्र्याची संपूर्ण जनुकमाला प्रथम नीट प्रसिद्ध झाली, ती टाशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीची. तिची निवड करण्याचे एक कारण असे, की तिच्या दोन्ही प्रतींत फरक फार थोडा होता आणि त्यामुळे वाचन सोपे झाले. जे वाचणाऱ्यास सोयीचे, ते जगणाऱ्यास सोयीचे असतेच असे नाही.

आता आपल्या कारवानीकडे परत येऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. ते योग्यच झाले. माळावरचा ससा आणि काळवीट यांनाही जगण्याचा हक्क आहे. पण त्याबरोबर कारवानीचे जुने काम गेले, आणि कामावरून होणारी पारखही गेली. दुसरीकडे त्याची कीर्ती वाढत चालली. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने ज्या चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ एक होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे संशोधन केंद्र निघाले. २०१६ मध्ये येथील कुत्री लष्कराच्या शिक्षणासाठी मेरठला गेली. देशी कुत्र्याची उपेक्षा संपली, याचा कोणास आनंद होणार नाही?

परंतु डाल्मेशियन आणि बॉक्सर यांच्या वाटेवरचे पहिले पाऊल हेच होते, याचा विसर पडू नये. कीर्ती झाली की मागणी वाढते. मागणी वाढली की पिल्लांचा भाव वाढतो. आणि भाव वाढला की ज्याच्याजवळ एक जोडी आहे, तो त्याच जोडीची पिल्ले आपसांत लावून झटपट संख्या वाढवू पाहतो. त्यात आणखी एक अडचण आहे. आपल्या देशातील एक संस्था या कुत्र्याची नोंद ‘कॅरव्हॅन हाउंड’ म्हणून करते, तर दुसरी ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. एकाच रक्ताला दोन नावे, दोन वह्या. त्यात गुळगुळीत केसांचा कारवानी निराळा आणि झालरीचा पश्मी निराळा, अशी भिंत घातली, की मूळचा ओढा तीन-चार डबक्यांत विभागला जाईल. आणि डबक्याचे पाणी कितीही स्वच्छ असले, तरी ते साचलेलेच असते.

यावर कोणी म्हणेल, मग सरसकट संकरच होऊ द्यावा काय? तसे माझे म्हणणे नाही. नात्यातील पैदाशीखेरीज कोणताच वाण घडत नाही. बेकवेलची रीत निरुपयोगी असती तर ती टिकली नसती. शिवाय रस्त्यावरच्या मिश्र कुत्र्याला आनुवंशिक रोग होतच नाहीत, हा समजही खरा नव्हे. तसेच पग जातीच्या कुत्र्याला श्वास घेताना जो त्रास होतो, तो मुख्यतः चपट्या तोंडाच्या हौसेचा परिणाम आहे. त्याचे सारे खापर नात्यावर फोडता येणार नाही. मात्र वाण राखणे आणि दार बंद करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरीची गरज नाही, हे आपल्या तांड्यांच्या कुत्र्याने तीन-चार शतके दाखवून दिले आहे.

म्हणून करावयाचे ते अवघड नाही. कुत्री पाळणाऱ्याने प्रत्येक वेताची नोंद ठेवावी. निदान आजा-आजीपर्यंतची नावे, गावे लिहून ठेवावीत. नर शक्यतो दूरच्या गावचा, निराळ्या घराण्याचा आणावा. लातूरकडचा मुधोळकडे जावा, मुधोळकडचा लातूरकडे यावा. एकाच नामांकित नरावर साऱ्यांनी भार टाकू नये. वहीत नाव नसले तरी धनगराच्या वाड्यावर किंवा बेरडाच्या दारात खात्रीचा कारवानी आढळला, तर तज्ज्ञांनी तो पारखून घ्यावा आणि त्याला वहीत स्थान द्यावे. आणि शहरात पिल्लू विकत घेणाऱ्या गृहस्थाने, मग ते कारवानी असो की विलायती, किमतीच्या आधी एक प्रश्न विचारावा: याच्या आईबापांचे परस्परांशी नाते काय? हा प्रश्न दहा घरांतून विचारला जाऊ लागला, की अकराव्या विक्रेत्याला वही ठेवावीच लागेल.

खंडोबाच्या आणि दत्तात्रेयाच्या पायाशी कुत्र्याला जागा देणारा आपला समाज आहे. त्या मुक्या प्राण्याला स्वतःचा जोडीदार निवडता येत नाही. तो आपण निवडतो. निवड आपली असल्यामुळे तिच्या परिणामांची जबाबदारीही आपलीच आहे. ती आपण नीट ओळखली, तर ज्या माळावरून तांडे गेले त्या माळावर कारवानी पुढेही तसाच धावताना दिसेल.